लग्नानंतर वर्षभर बॅकपॅकिंगला निघतोय. पासपोर्टवर बायकोचं नाव बदलावं का? व्हिसा कधी काढायचे?

नाव निघण्याआधी बदलू नका. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलणं सक्तीचं नाही. आपल्याकडे वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव, असे दोन्ही शब्द बदलतात. मग तिकीट किंवा व्हिसा यातलं एक जरी जुन्या नावावर राहिलं तरी विमानतळावर अडवू शकतात. विवाह नोंदणीचा दाखला मात्र काढून सोबत ठेवा. नाहीतरी पासपोर्ट नवा करायचा असेल तर ३६ ऐवजी ६० पानांचा घ्या, शिक्क्यांनी पानं भराभर संपतात.

खरी अडचण शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि तो सहसा तुम्ही राहता त्या देशातूनच द्यावा लागतो. वाटेत व्हिएतनाममध्ये पर्यटक म्हणून असताना तो बहुधा घेतच नाहीत. म्हणून युरोप पहिल्या सहा महिन्यांत बसवा. मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसच, आणि विमा किमान ३०,००० युरोचा. अमेरिकेचा व्हिसा आधीच काढलात तर मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही.

पूर्व आफ्रिका किंवा ब्राझील असेल तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. लसीचा दाखला नसेल तर परतताना भारतातच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असतो. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.