श्रोता कुणाचा, हे सकाळी ठरतं

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समोर नवं रेडिओ स्टेशन आलं, तुम्ही लावता तीच गाणी त्यांनी कमी बोलून लावायला सुरुवात केली, तीन महिन्यांत तुमचे श्रोत्यांचे आकडे खाली आले आणि आता वरून निरोप आलाय की बोलणं निम्म्यावर आणा, दुपारचा शो दुसऱ्या शहरातून घ्या, सकाळचं पुढच्या वर्षी बघू. ‘सर, आपण त्यांच्यासारखं व्हायचं की नाही, तेवढं सांगा,’ असं तू शेवटी लिहिलंस. याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

आधी मला सांग, आकडे खाली आले म्हणजे नेमकं काय खाली आलं? आठवड्यातून एकदा तरी तुमचं स्टेशन लावणारी माणसं कमी झाली, की माणसं तेवढीच आहेत पण लवकर उठून जातायत? ही दोन वेगळी दुखणी आहेत. माणसंच कमी झाली असतील तर तुम्ही लोकांच्या लक्षातून उतरलात. तिथे स्टुडिओत बसून फारसं काही होत नाही, बाहेर पडावं लागतं. माणसं तेवढीच आणि वेळ कमी असेल, तर ती रोज येतायत, काहीतरी ऐकतायत आणि स्टेशन बदलतायत. ते ‘काहीतरी’ शोधणं तुझ्या हातात आहे. मी कार्यक्रमप्रमुख झालो त्या वर्षी आमचा ऐकण्याचा वेळ घटला होता, आणि मी घाबरून बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. नवे लोक आले आणि बक्षिसं संपली तसे गेले. जुने लोक त्या स्पर्धांच्या सततच्या घोषणांना कंटाळून गेले, त्यांतले बरेच परत आलेच नाहीत. नाडी न बघता औषध दिलं होतं मी.

आता तो आकडा तयार कसा होतो ते बघ. आपल्या धंद्याचं नाणं पाव तासाचं आहे. डायरीच्या पद्धतीत निवडलेली माणसं आपण काय ऐकलं ते लिहून ठेवायची. एखाद्या पाव तासात पाच मिनिटं ऐकलं की तो अख्खा पाव तास स्टेशनच्या नावावर जमा. त्यामुळे जगभरच्या स्टेशनांनी तासाचं घड्याळ, म्हणजे कुठल्या मिनिटाला काय वाजणार ते, त्या हिशोबानं बेतलं. जाहिरातींचा ब्रेक वीस आणि पन्नासच्या आसपास ठेवायचा. सव्वासातला चांगलं गाणं सुरू झालं आणि माणूस सात वीसपर्यंत थांबला, की मग ब्रेकमध्ये तो गेला तरी पाव तास पदरात पडलेला असतो. 2007 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन आणि फिलाडेल्फियापासून डायरीच्या जागी अंगावर बाळगायचं मीटर यायला लागलं. प्रसारणात मिसळलेला, कानाला न कळणारा संकेत ते पकडतं. डायरीत माणूस आठवून लिहायचा आणि आठवायचं ते आवडतं स्टेशन. मीटरला आवडनिवड कळत नाही. त्यानं दाखवलं की लोक स्वतः सांगतात त्यापेक्षा जास्त स्टेशनं ऐकतात, पण प्रत्येकावर कमी वेळ थांबतात. आणि 2025 पासून तिथल्या मीटरच्या मोजणीत पाच मिनिटांची अट तीन मिनिटांवर आली. त्या दिवशी एकही नवा माणूस रेडिओ ऐकायला लागला नव्हता, तरी आकडे बदलले. म्हणून बैठकीत कुणी आलेख पुढे ठेवला की आधी विचार : मोजलं कसं, आणि किती माणसांवर? लहान शहरात नमुन्यातली चार घरं बदलली तरी आलेख डोंगरावरून दरीत येतो. तीन महिन्यांच्या एका आलेखावरून शो बंद करायचा नसतो.

समोरच्यांनी नक्कल केली याचा तुला राग आलाय, ते दिसतंय. तो राग थोडा बाजूला ठेव आणि एक गणित कागदावर मांड. 1952 साली पीटर स्टाइनर या अर्थशास्त्रज्ञानं रेडिओच्या स्पर्धेवर एक निबंध लिहिला होता, त्यातला हा विचार आहे. सोयीसाठी आकडे मी माझे घेतो. समज, 100 श्रोते आहेत. 70 जणांना आजची हिट गाणी हवीत, 20 जणांना जुनी, 10 जणांना बातम्या आणि गप्पा. पहिलं स्टेशन हिट गाणी लावणार हे उघड आहे. दुसरंही तेच लावणार, कारण 70 मधले निम्मे मिळाले तरी 35 होतात, आणि जुन्या गाण्यांवर सगळे मिळून 20. तिसरं आलं तरी तेच! 70 चे तीन वाटे केले तरी प्रत्येकाला 23 च्या वर मिळतात. तीन स्टेशनं झाली, तिन्ही एकसारखी, आणि 30 माणसांसाठी कुणीच नाही. चौथं स्टेशन आलं की हिट गाण्यांचा वाटा साडेसतरावर येतो, आणि तेव्हा कुठे एकजण जुन्या गाण्यांकडे सरकतो.

समोरच्यांनी हाच हिशोब केलाय. तूही कर. तुमच्या शहरात तीच गाणी लावणारी स्टेशनं किती झाली, आणि तुम्ही बाजूला सरकलात तर एकट्याचे म्हणून किती लोक मिळतील, हे काढ. कदाचित अजून सरकायची वेळ आली नसेल. कदाचित येऊन गेली असेल, आणि ते आधी सरकले तर मोकळी जागा त्यांची होईल.

पण त्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलीय, आणि तिथेच आजचा सगळा बदल आहे. गाणं ऐकायचं तर स्टेशनच लावावं लागेल, असं त्यात धरलंय. आज ज्या 30 जणांना कुणी विचारलं नाही त्यांच्या खिशात फोन आहे. ते रुसून बसले नाहीत, निघून गेलेत. आणि उरलेल्या 70 जणांच्याही खिशात तोच फोन आहे. त्यातलं ॲप गाण्यामध्ये बोलत नाही, आणि नको असलेलं गाणं अंगठ्यानं पुढे ढकलता येतं. बोलणं निम्म्यावर आणून, सलग गाणी लावून तुम्ही त्या ॲपशी भांडायला जाणार असाल, तर त्याच्याच मैदानात, त्याच्याच नियमांनी खेळायला जाल. तिथे समोरचं स्टेशन हरेल आणि तुम्हीही हराल.

रेडिओवर ही पाळी पहिल्यांदा आलेली नाही. टीव्ही आला तेव्हा संध्याकाळी अख्खं घर जमून ऐकायची ती नाटकं आणि मालिका रेडिओच्या हातून गेल्या. 1954 मध्ये पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून उठून माणसाबरोबर चालायला लागला. हरलेली संध्याकाळ परत मिळवण्यात ज्यांनी ताकद घालवली नाही आणि सकाळ धरली, ती स्टेशनं टिकली. (एफएम राहील की सगळं डिजिटल होईल, हेही तू विचारलंस. त्याची काळजी तुझ्या टेबलावर घेऊ नकोस. नॉर्वेनं 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, तरी बऱ्याच लहान स्थानिक स्टेशनांना त्यावर राहू दिलं. आवाज कुठल्या वाटेनं जातो त्यापेक्षा तो काय सांगतो हे तुझं खातं.)

मग ॲपकडे नाही आणि तुमच्याकडे आहे, असं काय? आत्ता, इथे, जागा असलेला माणूस. एवढंच आहे, पण ते फार मोठं आहे. आणि वरून आलेला निरोप नेमकं तेच काढून घेतोय, म्हणून मी अस्वस्थ झालोय.

स्टाइनरच्या त्याच निबंधात आणखी एक मुद्दा आहे. तिन्ही स्टेशनं एकाच मालकाची असती तर तो स्वतःचेच 70 श्रोते तीन ठिकाणी वाटत बसला नसता. त्यानं एकावर हिट, एकावर जुनी गाणी, एकावर बातम्या ठेवल्या असत्या. म्हणजे मालक एक झाला तर निवड वाढू शकते. अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्यानं देशभरात एका मालकाकडे किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा उठवली, आणि मोठ्या कंपन्यांनी शेकडो स्टेशनं घेतली. पण एका शहरात बसलेला निवेदक चार शहरांसाठी आधीच बोलून ठेवायला लागला, आणि स्टेशनात रात्री माणूस असण्याची गरज संपली. 18 जानेवारी 2002 ला मध्यरात्र उलटल्यावर नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाशेजारी अमोनिया नेणारी मालगाडी रुळावरून घसरली. विषारी ढग वस्तीवर आला. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची होती. पोलिसांचा स्टेशनशी संपर्क होईना, आणि आणीबाणीची सूचना देणारी यंत्रणाही त्या रात्री चालली नाही. एक माणूस गेला, कितीतरी आजारी पडले. दोष कुणाचा यावर पुढे बराच वाद झाला. मला त्यातलं एकच चित्र विसरता येत नाही : लोकांनी अंधारात रेडिओ लावला असेल, आणि सहा ठिकाणी सहा वेगवेगळ्या प्रकारची गाणी चालू असतील.

आता माझ्या स्टुडिओतली एक सकाळ सांगतो. रात्रभर पाऊस झाला होता. सात वाजून दहा मिनिटांनी एका बसचालकाचा फोन आला. भुयारी मार्गात पाणी भरलंय, त्याची बस कशीबशी मागे घेतलीय. आमची निवेदिका त्या वेळी नेहमीची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, करणार होती : ‘काय मस्त पाऊस पडतोय, तुमचा आजचा मूड कसा आहे, मेसेज करून सांगा.’ चाळीस सेकंदांची. तिनं हातातला कागद उलटा ठेवला, गाण्याचा आवाज खाली घेतला आणि म्हणाली, ‘भुयारी मार्गात गुडघाभर पाणी आहे. तिकडे जाऊ नका, वरच्या पुलानं जा. दहा मिनिटांनी पुन्हा सांगते.’ दहा-अकरा सेकंद लागले. आणि तिनं खरंच दहा मिनिटांनी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. मी काचेपलीकडून खूण केली की तेच तेच होतंय. तिनं नकारार्थी मान हलवली. ती बरोबर होती, सकाळी दहा मिनिटांत ऐकणारा माणूस बदललेला असतो. पाऊण तासात आमच्याकडे आणखी तीन रस्त्यांची माहिती आली, सगळी ऐकणाऱ्यांकडून. पुढे कितीतरी दिवस पाऊस लागला की लोक आधी आम्हाला लावायचे. त्या सवयीसाठी आम्ही एक पैसा खर्च केला नव्हता.

त्या दोन लिंक शेजारी शेजारी ठेवून बघ. पहिली कुठल्याही शहरात, कुठल्याही पावसाळ्यात चालली असती. दुसरी त्या सकाळखेरीज कधीच नाही.

म्हणून तुझ्या वरिष्ठांशी बोलताना सगळ्याला नाही म्हणू नकोस. बोलणं कमी करा, हे त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. तुमच्याकडचं बरंचसं बोलणं पहिल्या जातीचं आहे. ते तूच काप, त्यांनी सांगायच्या आधी. दुपारचा शो बाहेरून येतो म्हणतायत, तर येऊ दे. बीबीसीनं 1967 मध्ये लेस्टरला आपलं पहिलं स्थानिक केंद्र सुरू केलं होतं. 2023 मध्ये पैशांच्या ओढाताणीमुळे त्यांनीही दुपारी दोननंतरचे बरेचसे कार्यक्रम शेजारच्या केंद्रांत वाटून टाकले. कर्मचाऱ्यांनी संप केला, तरी ते झालं. पण कामाच्या दिवसांची सकाळ त्यांनीही प्रत्येक केंद्राकडे ठेवली. हे उदाहरण बैठकीत तुझ्या कामी येईल. दुपार सोडायची आणि त्यातून वाचलेला माणूस सकाळच्या शोला द्यायचा : फोन उचलायला, पालिकेत आणि पोलिसांत ओळखी ठेवायला, सहा वाजता रस्त्यावर जायला. ही मागणी लेखी दे. नुसता विरोध केलास तर दुपार जाईलच, आणि वाचलेला माणूसही तुझ्या हाती लागणार नाही.

जाहिरात विभागाला आधी भेट. स्थानिक जाहिरातदाराला देशभराचे श्रोते नको असतात, दुपारपर्यंत दारात येणारं गिऱ्हाईक हवं असतं. सकाळ घरची राहिली नाही तर आपण काय विकणार, हे विक्रीच्या माणसाकडून वर गेलं तर तुझ्यापेक्षा लवकर ऐकलं जाईल.

समोरच्या स्टेशनचं म्हणशील तर एक पूर्ण दिवस बसून ते ऐक, वहीत टिपून ठेव, आणि मग महिनाभर लावू नकोस. रोज ऐकलंस तर नकळत तुझ्या लिंकमध्ये त्यांची लय यायला लागेल.

आणि एक काम माझ्यासाठी कर. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते नऊचं रेकॉर्डिंग काढ, गाणी आणि जाहिराती काप, नुसतं बोलणं ठेव आणि मला पाठव. त्याआधी तू स्वतः एकदा ऐक आणि कुठली लिंक गेल्या महिन्यात किंवा दुसऱ्या गावात तशीच्या तशी चालली असती, तिच्यावर फुली मार. तुझ्या फुल्या मला पाठवू नकोस. मी माझ्या मारतो, मग शनिवारी फोनवर दोन्ही जुळवून बघू. मोजणीचा नमुना किती होता, तेही तोवर विचारून ठेव.

तुझा,
जुना सहकारी