पहिला पावसाळा: कपडे, बुरशी, चिखल्या वगैरे

तुमची तक्रार थोडक्यात अशी, की थंड कोरड्या हवेतून विषुववृत्ताजवळ राहायला येऊन तीन आठवडे झाले, पारा 30 च्या वर जात नाही तरी जीव नकोसा होतो, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाट उघडलं की कुबट भपका येतो आणि लेदरचे शूज हिरवे पडलेत. आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारलंय काय, तर चांगला रेनकोट कसा निवडायचा :)

रेनकोटवर येतो, पण आधी हवेचं बघू, कारण भिजलात तर कपडे बदलता येतात, हवा बदलता येत नाही. 30 अंशाच्या एक घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं, 20 अंशाला जेमतेम 17. पावसाळ्यात ही हवा आधीच काठोकाठ भरलेली असते, मग ती तुमचा घाम घेणार कुठून? घाम येतो पण उडत नाही, त्यामुळे 80 टक्के आर्द्रता असेल तर 30 अंशसुद्धा अंगाला 37-38 सारखे लागतात. शरीर यातलं बरंचसं एक-दोन आठवड्यांत शिकतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण त्यासाठी रोज थोडा वेळ त्या हवेत वावरायला लागतं. घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी असं चाललं तर तीन महिन्यांनीही तुम्ही आजच्याच जागी असाल.

एसीवरून माझा मूर्खपणा सांगतो. पहिला महिनाभर मी रात्री एसी 19-20 वर लावून झोपायचो आणि सकाळी उठल्या उठल्या ताजी हवा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडायचो. आरशाला घाम फुटायचा, फरशीवर पाय उमटायचे, मला वाटायचं पावसाळा आहे, होणारच. मग एकदा काहीतरी मागे पडलं म्हणून कपाट सरकवलं तर मागची अख्खी भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, आणि कपाटाची पाठ बोटाने दाबली तर बोट आत जाईल इतकी मऊ. बाहेरच्या हवेचा दवबिंदू 25-26 अंश असतो, म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर ती हवा पाणी सोडणार. रात्रभर भिंती गार करून मी सकाळी स्वतः त्यांच्यावर दव पाडत होतो, रोज.

आता एसी 26 वर, संध्याकाळी तासभर ड्राय मोड, आणि बंद केल्यावर खोली बाहेरइतकी उबदार झाल्याशिवाय खिडकी उघडत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. दिवसा कपाटाची दारं उघडी टाकून समोर पंखा सोडतो, दिसायला गबाळं दिसतं पण वास गेला. एक छोटा आर्द्रतामापक घ्याच, 60 टक्क्यांच्या खाली राहिलं की बुरशी फारशी धरत नाही, आणि आकडा समोर असला की आपण काय केल्याने तो चढतो ते आपोआप कळतं (माझ्याकडे आंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडं टाकणं).

कपड्यांचा तो वास म्हणजे धुणं कमी पडतंय असं नाही. कपडा तासन्‌तास ओला राहिला की त्यात बॅक्टेरिया वाढतात, मोराक्सेला म्हणून एक आहे तो यातला मोठा गुन्हेगार, आणि जास्त पावडर टाकली तर उलट चिकटा राहतो. मशीन संपल्या संपल्या कपडे बाहेर, स्पिन दोनदा, दोन कपड्यांमध्ये मोकळी जागा आणि वर पंखा. ऊन नसलं तरी वारा पुरतो. जाड टॉवेल आणि जीन्स मात्र चार महिने विसरा, पातळ टॉवेल घ्या.

शूज लगेच फेकू नका. बाहेर नेऊन पुसा (घरात झटकलं तर बुरशी सगळीकडे उडते), मग पाणी मिसळलेल्या स्पिरिटच्या फडक्याने एक हात फिरवा, सावलीत वाळवा, आणि वापरत राहा. ठेवणीतल्या वस्तू इथे लवकर मरतात. माझे ट्रेकिंगचे शूज वर्षभर खोक्यात जपून ठेवले होते, घालून शंभर पावलं गेलो नाही तोच तळ केकसारखा कुसकरून हातात आला. पॉलियुरेथेनचा तळ ओलाव्याने आतून विरघळत जातो.

घरभर ओल हटवायच्या मागे लागू नका, वेड लागेल. एक हवाबंद डबा करा, त्यात सिलिका जेल टाका, पासपोर्ट, सर्टिफिकेटं, औषधं, कॅमेरा जे काही सादळून चालणार नाही ते त्यात. रंग बदलणारं जेल घ्या, बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशाला दोनेक तास तापवून परत वापरता येतं. बाकीचं सादळू दे. दारं फुगतील, तासायची घाई करू नका, कोरड्या दिवसांत फट पडेल.

पायांना सांभाळा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात, आणि गजकर्ण उठलंच तर खाजेवर पटकन आराम देणारी स्टेरॉइडवाली मलमं स्वतःच्या मनाने लावू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा एक आजार) तिथूनच येतो. उतरावंच लागलं आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला ते पाणी आठवणीने सांगा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात. तापात पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामकं नकोत, आणि ताप उतरला म्हणून लगेच कामाला धावू नका, डेंग्यूत जपायचे दिवस तेव्हाच सुरू होतात.

बाहेरची कामं सकाळी उरका. समुद्रापासून आत असाल तर दिवसभर तापलेली जमीन दुपारनंतर ढग उभे करते आणि चार-पाचच्या सुमाराला कोसळतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आला तर घरात जा आणि प्लग काढा.

आता रेनकोट. घेऊ नका. आतून घामाने तेवढेच भिजाल. मोठी छत्री, लवकर वाळणारी अर्धी पँट, पट्ट्याच्या रबरी चपला, आणि ऑफिसमध्ये कोरड्या कपड्यांचा एक जोड. गाडी दुचाकी असेल तर मात्र पोंचो घ्या, खालून वारा लागतो.