ऑफशोअर प्लॅटफॉर्मवर (समुद्रातल्या तेल-वायूच्या फलाटावर) कुणालाही लागलं नसेल, तरी निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, रिपोर्ट करायलाच हवा का?

हो, करायलाच हवा. तुमचे सीनियर म्हणतात, "कुणाला लागलं नाही ना? मग कशाला कागद काळे करायचे?" पहिल्या रोटेशनला (प्लॅटफॉर्मवरच्या मुक्कामाच्या पाळीला) मीही हेच ऐकलं होतं, आणि निमूट मानलंही होतं.

तेव्हा डेकवर बास्केट उतरवत होतो. क्रेनच्या बूमवरून मुठीएवढा नट सुटला आणि ग्रेटिंगवर (डेकच्या लोखंडी जाळीवर) आपटून माझ्या बुटापासून दोन हातांवर थांबला. रिगरने (क्रेनला ओझं बांधणाऱ्या कामगाराने) तो उचलून खिशात टाकला, लिफ्टिंग पुढे चालू. चौथ्या दिवशी त्याच बूमवरच्या दिव्याचं ब्रॅकेट खाली आलं आणि एका सहकाऱ्याचं खांद्याचं हाड मोडलं. नट त्याच ब्रॅकेटचा होता. पहिल्याच दिवशी कुणी वर चढून पाहिलं असतं तर त्या माणसाचा खांदा वाचला असता. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण रिपोर्ट मीही केला नव्हता.

कुणाला किती लागलं यावर धोका मोजायचा नसतो. २७ जुलै २००५ ला मुंबई हायवर सुरुवात झाली ती एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या बोटांना झालेल्या जखमेने. त्याला प्लॅटफॉर्मवर हलवण्यासाठी जहाज जवळ आलं, रायझरला (समुद्रतळातून तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपला) धडकलं, गॅस पेटला आणि २२ जण गेले.

पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मबद्दल तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, १६७ मृत्यू. कंडेन्सेट (गॅसमधून निघणारा ज्वलनशील द्रव) ढकलणाऱ्या एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि उघड्या पाइपवर ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) नुसताच बसवलेला होता, नीट आवळलेला नव्हता. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाच्या दुरुस्तीचं परमिट (कामाची लेखी परवानगी) माहीत होतं, व्हॉल्व्ह काढल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी व्हॉल्व्ह काढलेला तोच पंप चालू केला, आणि त्या फ्लँजमधून गळती होऊन स्फोट झाला. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याआधी, सप्टेंबर १९८७ मध्ये, त्याच प्लॅटफॉर्मवर एका रिगरचा जीव गेला होता, आणि परमिट व शिफ्ट हँडओव्हरमधल्या उणिवा तेव्हाच समोर आल्या होत्या. कागद होता, पण त्यावरून काही बदललं नाही. म्हणून रिपोर्ट टाकून थांबू नका. त्यावर कोणती कारवाई झाली आणि ती कोणी केली, हे पुढच्या सेफ्टी मीटिंगमध्ये विचारा.

"आमच्याकडे इतके दिवस एकही एलटीआय नाही" (एलटीआय म्हणजे लॉस्ट टाइम इंज्युरी, कामावर येता येणार नाही अशी जखम) हा बोर्ड पाहून निर्धास्त होऊ नका. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन रिगवर बडे अधिकारी आले होते, ते एलटीआयशिवाय गेलेल्या सात वर्षांबद्दल लोकांचं अभिनंदन करायला. त्याच रात्री विहीर उसळली आणि ११ जण गेले. पाय घसरणं, बोट चेंगरणं हे आकडे कमी होते. त्या दिवशी झालेल्या प्रेशर टेस्टचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला होता. गॅसची बारीक गळती, बायपास करून ठेवलेला डिटेक्टर, उगाच वाजतो म्हणून गप्प केलेला अलार्म, हे सगळं एलटीआयच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. माझ्या मते रिपोर्ट आधी याचेच व्हायला हवेत. आणि बोनस एलटीआयच्या आकड्याला बांधला की माणसं जखमा लपवायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय.

नाव पुढे येईल ही भीती खरी आहे, ती मी नाकारणार नाही. एकट्याने जायची हिंमत होत नसेल तर सेफ्टी रिप्रेझेंटेटिव्हला सोबत घ्या. ब्रिटनमध्ये कामगारांनी असा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क १९८९ पासून नियमातच आहे. लिहिताना "निष्काळजीपणामुळे" असले शब्द टाळा. कोण चुकलं ते लिहू नका, काय दिसलं ते लिहा, आणि त्याच शिफ्टमध्ये लिहा.

त्या नटाचा रिपोर्ट आज मी असा लिहीन: "बास्केट उतरवताना क्रेन बूमवरून नट पडला, ग्रेटिंगवर आदळला. खाली दोघे काम करत होतो. इजा नाही, पण डोक्यावर पडला असता तर जीव जाऊ शकला असता. नट कुठला ते कळलेलं नाही. लिफ्टिंग थांबवलं आहे. बूमची तपासणी होईपर्यंत खालची जागा बॅरिकेड केली आहे. नट सेफ्टी ऑफिसरकडे दिला आहे."