नौपाड्याचा पिनकोड ४००६०२ ही मूळ संख्या आहे का? तिच्यात काही खास आहे का?

मूळ नाही. सम आहे, तिथेच निकाल लागला. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ नेही भाग जातो. ६ ने भागल्यावर उरतात ६६७६७, आणि इथे मात्र दमछाक होते. ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये वहीच्या मागच्या पानावर ५, ७, ११ असं एकेका मूळ संख्येने भागत गेलो, तेव्हा कुठे १७९ ला भाग गेला: ६६७६७ = १७९ × ३७३. दोन्ही मूळ. म्हणजे

४००६०२ = २ × ३ × १७९ × ३७३

एकही अवयव दोनदा नाही, त्यामुळे विभाजक १६. खुद्द ४००६०२ सोडून बाकीच्या १५ विभाजकांची बेरीज ४०७२३८, म्हणजे ४००६०२ पेक्षा ६६३६ ने जास्त. अशीला विपुल संख्या म्हणतात. (फार कौतुक नको, ६ च्या पटीतली ६ सोडून प्रत्येक संख्या विपुलच असते.)

मला आवडलेली गोष्ट वेगळी. ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिताच येत नाही. वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ च उरते. बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही बाक्या ० हव्यात, आणि ३ ने भाग जाणाऱ्या वर्गाला ९ नेही जातोच, मग बेरजेला ९ नेही भाग जायलाच हवा. पण अंकांची बेरीज १२, तिला ९ ने भाग जात नाही, म्हणून ४००६०२ लाही नाही.