गोड सिनेमा, कडू परीक्षणं

संगीत, मुलं आणि कुटुंब यांच्यावरचे भावुक चित्रपट प्रेक्षकांना आवडतात आणि समीक्षकांना खुपतात, असं का होतं? या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांचा रोख ‘द साउंड ऑफ म्युझिक’वर होता, त्यामुळे उत्तरांतही तोच पुन्हा पुन्हा येईल. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी : ऑस्ट्रियातल्या विधुर कॅप्टन फॉन ट्रापची सात मुलं सांभाळायला मठातून मारिया येते, मुलांना गाणं शिकवते, पुढे कॅप्टनशी लग्न करते आणि नाझी आल्यावर सगळं कुटुंब देश सोडतं.

प्रश्न : ‘द साउंड ऑफ म्युझिक’ला पाच ऑस्कर मिळाली, तिकीटखिडकीवर त्याने ‘गॉन विथ द विंड’ला मागे टाकलं. तरी समीक्षकांनी त्याला झोडपलं होतं. मग समीक्षक चुकलेच ना?

सगळ्यांनी झोडपलं नव्हतं. 2 मार्च 1965 रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात चित्रपट लागला, तेव्हा ‘व्हरायटी’सारख्या चित्रपटधंद्याच्या वृत्तपत्रांनी भरभरून कौतुक केलं. तुटून पडले ते न्यूयॉर्कमधले नावाजलेले समीक्षक. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदर यांनी मारिया झालेल्या ज्युली अँड्र्यूजचं कौतुक केलं, मुलांना सांभाळून घेतलं, पण मोठ्या माणसांच्या कामाची, त्यातही कॅप्टन झालेल्या ख्रिस्तोफर प्लमरची पार सालटी काढली. ‘हेराल्ड ट्रिब्यून’च्या ज्युडिथ क्रिस्टही तितक्याच कडक होत्या. सगळ्यात गाजलं ते पॉलीन केल यांचं ‘मॅकॉल्स’ मासिकातलं 1966 सालचं परीक्षण.

केल यांचा एक मुद्दा आजही बिनतोड आहे. सात मुलांपैकी एकालाही गायचा कंटाळा कसा नाही, पाहुण्यांसमोर नाचायला नकार देणारं एकही पोर कसं नाही, स्टेजवर जायच्या भीतीने कुणाला ओकारी कशी येत नाही, असं त्यांनी विचारलं होतं. घरात लहान मूल असलेल्या कुणालाही हे पटेल. प्रेक्षकाला वेगळं काही वाटायची सवडच हा चित्रपट ठेवत नाही, ही त्यांची खरी तक्रार होती.

हा गोडवा कुठून वाढला तेही दाखवता येतं. मूळ नाटक 1959 चं, रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांचं. त्यात ‘हाउ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह’ आणि ‘नो वे टु स्टॉप इट’ अशी दोन तिखट गाणी होती. पहिल्यात श्रीमंतांच्या प्रेमाची टिंगल आहे. दुसऱ्यात कॅप्टनची वाग्दत्त वधू बॅरोनेस एल्सा आणि त्यांचा मित्र मॅक्स कॅप्टनला समजावतात, की नाझी येणारच आहेत, तर जुळवून घ्यावं. नाटकात कॅप्टन आणि एल्साचं ठरलेलं लग्न मोडतं ते याच मतभेदावरून. चित्रपटासाठी अर्नेस्ट लेहमन यांनी पटकथा लिहिली, तेव्हा ही दोन्ही गाणी गेली आणि लग्न मोडायला मारियावरचं प्रेम तेवढं कारण उरलं. हॅमरस्टीन 1960 मध्ये वारले होते, त्यामुळे ‘आय हॅव कॉन्फिडन्स’ आणि ‘समथिंग गुड’ या नव्या गाण्यांचे शब्दही रॉजर्स यांनीच लिहिले. ही दोन्ही पुन्हा मारियाच्या मनाची गाणी. म्हणजे राजकारण आणि उपरोध बाहेर, हुरहूर आत. समीक्षकांची जीभ साखरेने उगाच चिकट झाली नव्हती.

आता दुसरी बाजू. तळ्याकाठी कॅप्टन आणि मारियाचं कडाक्याचं भांडण होतं, तो तिला सामान बांधायला सांगतो. तेवढ्यात घरातून गाण्याचे सूर येतात. मुलं एल्साला गाणं म्हणून दाखवत असतात. तो दाराशी थबकतो, आत येतो आणि हलक्या आवाजात त्यांच्यात सूर मिसळतो. मुलं चकित होऊन बघतात, एल्साही. हे दृश्य पोचतं, कारण त्याची तयारी आधीच झालेली आहे. हा माणूस शिट्टी वाजवून मुलांना रांगेत उभं करतो, घरात गाणं बंद आहे, हे आपण बऱ्याच आधी पाहिलेलं असतं. शिवाय तो रडत नाही, भाषण ठोकत नाही. मुलांना जवळ घेतानाही अवघडलेला असतो. ही भावना कमावलेली आहे आणि कडक समीक्षकांनी तिला पुरेसे गुण दिले नाहीत, असं आमचं मत.

त्यांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट निसटली, ती संकलनाची. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज मुळात संकलक. ‘सिटिझन केन’चं संकलन त्यांचं. ‘डो-रे-मी’ गाणं कुरणावर सुरू होतं, साल्झबर्ग शहरातून फिरतं आणि मिराबेल बागेच्या पायऱ्यांवर संपतं. सूर चढेल तशी मुलं पायऱ्या चढतात, उतरेल तशी उतरतात. सरगम म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही ते डोळ्यांनी कळतं. शिवाय मुलं गाणं शिकली त्याला किती दिवस लागले, हा प्रश्न एका गाण्यात निकाली निघतो. या चित्रपटाच्या पाच ऑस्करमध्ये संकलनाचं एक आहे, विल्यम रेनल्ड्स यांचं.

तेव्हा समीक्षकांनी जे वर्णन केलं ते बरोबर होतं. त्यावरून काढलेली किंमत मात्र कमी पडली.

प्रश्न : त्या परीक्षणामुळे पॉलीन केल यांची नोकरी गेली, हे खरं का?

नोकरी गेली हे खरं, त्या एका परीक्षणामुळे गेली ही दंतकथा. संपादक रॉबर्ट स्टाइन यांनी पुढे याचा इन्कार केला होता. लोकप्रिय चित्रपटांना महिनोन्महिने झोडपत राहणं मासिकाला मानवलं नाही, असं त्यांचं म्हणणं. केल 1968 पासून ‘द न्यूयॉर्कर’मध्ये नियमित लिहू लागल्या आणि 1991 पर्यंत तिथे होत्या, त्यामुळे नुकसान कुणाचं झालं ते उघडच आहे.

प्रश्न : ‘ऑगस्ट रश’ (2007) आम्हा घरच्यांना फार आवडला. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर मात्र समीक्षकांचा आकडा चाळीस टक्क्यांच्याही खाली. हे आकडे काढतात कसे?

टक्के दिसले की आपल्याला परीक्षेचे गुण आठवतात, घोळ तिथेच होतो. रॉटन टोमॅटोजचा आकडा म्हणजे एकूण परीक्षणांपैकी अनुकूल किती, एवढंच. साठ टक्के किंवा जास्त असतील तर लाल टोमॅटो, कमी असतील तर हिरवा डाग. समजा दहा समीक्षकांनी प्रत्येकी पाचपैकी तीन तारे दिले, ‘बरा आहे’ म्हणाले. आकडा शंभर टक्के येईल. पाच जण चित्रपटाच्या प्रेमात पडले आणि पाच जण वैतागले, तर पन्नास. अंगावर येणाऱ्या भावुक चित्रपटांच्या वाट्याला नेमकं हे दुसरं येतं. मेटाक्रिटिक हे असंच दुसरं संकेतस्थळ प्रत्येक परीक्षणाला शंभरपैकी गुण देऊन भारित सरासरी काढतं, म्हणजे काही समीक्षकांचं वजन जास्त धरतं. तिथे 61 पासून हिरवा रंग, 40 ते 60 पिवळा, त्याखाली लाल. वरच्या उदाहरणातल्या ‘बरा आहे’ला तिथे साधारण साठ, म्हणजे पिवळा मिळेल. एकाच मताचे दोन चेहरे.

प्रेक्षकांचा आकडा वेगळाच. पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणारे किती टक्के, हे रॉटन टोमॅटोज मोजतं. पण तारे द्यायला येतो तो बहुधा ज्याला चित्रपट बघायचाच होता तो. अमेरिकेतलं सिनेमास्कोर पहिल्या दिवशी थिएटरातल्या लोकांकडून पत्रिका भरून घेतं. तिथली माणसं पदरचे पैसे मोडून, आपणहून आलेली असतात. म्हणून तिथे ‘बी’ श्रेणी ही शाबासकी नसते.

‘ऑगस्ट रश’बद्दल बोलायचं, तर अनाथाश्रमातला मुलगा संगीताच्या जोरावर आईवडिलांना शोधतो, ही गोष्टच योगायोगांवर उभी आहे. बहुतेक समीक्षकांना ते पचलं नाही. अमेरिकेतले नावाजलेले समीक्षक रॉजर एबर्ट यांनी मात्र चारपैकी तीन तारे दिले. तेव्हा आकड्यावर थांबू नका. एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, अशी दोन परीक्षणं पूर्ण वाचा. दोघांनी एकाच प्रसंगाचा उल्लेख केला असेल, तर तो प्रसंग तुम्हाला कसा वाटेल याचा विचार करा. आकड्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

प्रश्न : ट्राप कुटुंबाची कथा खरी आहे का? ऑस्ट्रियात चित्रपट का चालला नाही?

सांगाडा खरा, मांस नाटकाचं. मारिया आणि गेऑर्ग (म्हणजे कॅप्टन) यांचं लग्न 1927 मध्येच झालं होतं, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तो 1938 मध्ये. वडील संगीताचे वैरी नव्हते, चांगले प्रेमळ होते. गायनाची शिस्त लावली ती फ्रान्झ वासनर या धर्मगुरूंनी. चित्रपटात ते नाहीतच. आणि डोंगर ओलांडून कुणी पळालं नाही, कुटुंब आगगाडीने इटलीला गेलं. साल्झबर्गजवळचा तो डोंगर ओलांडला असता, तर ते थेट जर्मनीत उतरले असते.

जर्मन भाषेत याच कुटुंबावर 1956 आणि 1958 मध्ये दोन चित्रपट येऊन गेले होते, त्यामुळे तिथल्या लोकांना यात नवं काही नव्हतं. शिवाय चित्रपटात ‘एडलवाइस’ हे गाणं जणू देशाचं जुनं लोकगीत असल्यासारखं येतं. ते 1959 सालचं ब्रॉडवेचं गाणं आहे, हॅमरस्टीन यांनी लिहिलेलं अगदी शेवटचं. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये तर लग्नानंतरचा नाझींचा सगळा भाग कापूनच चित्रपट दाखवला गेला. ओरड झाल्यावर तो पुन्हा जोडावा लागला.

प्रश्न : अशा चित्रपटांत पात्रं वाजवताना खोटी वाटतात. मी स्वतः व्हायोलिन शिकते, मला ते सहनच होत नाही. नेमकं काय चुकतं?

गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि सेटवर ते वाजवून त्यावर चित्रण होतं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, म्हणजे एक चौकट सुमारे 42 मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या पुढे गेला तर साधारण 45 मिलिसेकंदांनाच खटकायला लागतो, मागे पडला तर 125 पर्यंत चालून जातो. कारण साधं आहे : दूरचा आवाज डोळ्यांनी पाहिल्यानंतरच कानावर पडतो, याची आपल्याला जन्मापासून सवय असते. मोठ्या थिएटरात पडद्यापासून तीस मीटरवर बसलात, तर आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास 90 मिलिसेकंद, म्हणजे दोन चौकटी लागतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

पण तुम्हाला खटकतं ते बहुधा वेळेचं नसतं, शरीराचं असतं. व्हायोलिनमध्ये आधी गज पाहा. सुरावट एका गजात बांधलेली ऐकू येते आणि पडद्यावर गज मध्येच दिशा बदलतो. मग डावा हात : आवाजात कंप आहे आणि मनगट लाकडासारखं. पियानोवर खांदे हलतात, बोटं मात्र टेबलाआड. गायकाच्या बाबतीत ओठांकडे बघूच नका, ओळीआधीचा श्वास बघा. लांब तान घेण्याआधी छाती किंवा मान हलली नाही, की सोंग उघडं पडतं.

यावर दिग्दर्शकांचे उपाय दोन. एक, हात दुसऱ्याचे : ‘ऑगस्ट रश’मध्ये गिटारवर थापा मारत वाजवण्याच्या जवळच्या दृश्यांत हात काकी किंग या वादक बाईंचे आहेत. अशा वेळी चेहरा आणि हात एका चौकटीत आलेत का ते बघायचं. दोन, आवाज दुसऱ्याचा : ‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये प्लमरची गाणी बिल ली यांनी गायली आहेत आणि मठाच्या प्रमुख झालेल्या पेगी वुड यांना आवाज मार्जरी मॅके यांचा आहे. बहुतेक समीक्षकांना वाद्य येत नाही, म्हणून परीक्षणांत या गोष्टी क्वचितच येतात. तुमच्यासारख्यांनी लिहायला हवं.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळासाठी मला अशाच एका चित्रपटाचं परीक्षण लिहायचं आहे. एकतर ‘डोळे पाणावले’ असं लिहून होतं, नाहीतर ‘बटबटीत’ म्हणून मोकळी होते. मधलं कसं लिहू?

दोन्ही शब्द ठेवा, पण प्रत्येकासोबत प्रसंग आणि मिनिट लिहा. चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा वही न घेता. दुसऱ्यांदा, जिथे रडू आलं (किंवा चीड आली) तो प्रसंग आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. आवाज बंद केल्यावर प्रसंग उभाच राहत नसेल, तर सगळा भार पार्श्वसंगीतावर टाकलाय. श्रोत्यांच्या चेहऱ्यांची दृश्यं मोजा : गाणाऱ्यापेक्षा रुमाल काढणारेच जास्त दिसत असतील, तर तुम्हाला कसं वाटावं याची सूचना दिली जातेय. मग मागे जाऊन शोधा, या क्षणाची तयारी कुठे झाली? कुठेच नसेल तर ‘बटबटीत’ म्हणायला हरकत नाही आणि कारणही हातात असेल. संगीताबद्दल एक तरी नेमकं वाक्य हवं : गाणं पूर्ण ऐकवलं की तुकड्यात, शेवटी पट्टी चढवून टाळी घेतली का, चुकीचा सूर कुणाला लागू दिला का.

कथा चार ओळींत उरका, शेवट फोडू नका. चारशे शब्द पुरतात. लांबी जरूर लिहा; ‘साउंड ऑफ म्युझिक’ 174 मिनिटांचा आहे आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना मध्यंतर आहे की नाही, हे सगळ्यात आधी जाणून घ्यायचं असतं.