डिस्ट्रक्टर चाललाच नाही तर? वाचकांचे प्रश्न

देवगडहून : आंब्याच्या पेट्यांची वजनं नोंदवणारा प्रोग्राम सी++ मध्ये लिहिलाय. ‘काटा’ हा मूळ क्लास, त्यावरून ‘यूएसबीकाटा’. ऑब्जेक्ट डिलीट केला तरी पोर्ट सुटत नाही. मित्र तेच क्लास शेअर्ड पॉइंटरने (ऑब्जेक्टची मालकी वाटून घेणाऱ्या, शेवटी तो आपणच डिलीट करणाऱ्या पॉइंटरने) वापरतो, त्याचं मात्र सुरळीत चालतं.

‘काटा’च्या डिस्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनला, तुम्ही व्हर्च्युअल (ऑब्जेक्टच्या खऱ्या क्लासचं फंक्शन शोधून चालवणारं) केलेलं नसणार. मग मूळ क्लासच्या पॉइंटरवरून डिलीट केलं की काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. बहुतेकदा फक्त ‘काटा’चा डिस्ट्रक्टर चालतो, पोर्ट बंद करण्याचं काम ‘यूएसबीकाटा’च्या डिस्ट्रक्टरमध्ये आहे, तिथपर्यंत गाडी जातच नाही.

मित्राचं निभावतं, कारण ‘यूएसबीकाटा’ हाती आला त्याच क्षणी शेअर्ड पॉइंटर तो नेमका कसा मोडायचा हे नोंदवून ठेवतो. एकच मालक असलेला युनिक पॉइंटर अशी नोंद ठेवत नाही. म्हणून मित्राच्या कोडवर विसंबू नका. उद्या कुणी शेअर्ड काढून युनिक घातला, तर ऐन हंगामात, दारात पेट्यांची थप्पी लागलेली असताना काटा अडकेल. एक ओळ पुरते:

व्हर्च्युअल ~काटा() = डिफॉल्ट;

क्लासमध्ये दुसरं एखादं व्हर्च्युअल फंक्शन असेल, तर जीसीसी हा कंपायलर -Wall लावल्यावर अशा डिलीटवर इशारा देतो. कृपा करून इशारे बंद करू नका. माझी एक अख्खी रात्र अशाच दडपलेल्या इशाऱ्यापायी गेली आहे.

रत्नागिरीहून : उरलेला डेटा डिस्ट्रक्टरमध्येच फाइलमध्ये लिहितो. डिस्क भरली की एक्सेप्शन फेकतो, पण बाहेरचा कॅच लागतच नाही, प्रोग्राम तिथेच मरतो.

सी++११ पासून डिस्ट्रक्टर आपोआप नोएक्सेप्ट असतो, म्हणजे एक्सेप्शन बाहेर जाऊ न देण्याचं वचन देतो. त्यातून एक्सेप्शन बाहेर पडलं की थेट टर्मिनेट, प्रोग्राम जागीच बंद. नोएक्सेप्ट(फॉल्स) लिहून पळवाट काढू नका. आधीच एक एक्सेप्शन वर जात असेल, तर दुसरं निघताच पुन्हा टर्मिनेटच. ‘बंद_करा()’ असं वेगळं फंक्शन ठेवा, चूक तिथे कळवा. ते कुणी बोलवायला विसरलं, तर डिस्ट्रक्टरने प्रयत्न करावा आणि जमलं नाही तर लॉगमध्ये लिहून थांबावं.

मालवणहून : रस्ट भाषेत होड्यांच्या ठिकाणांची रांग म्युटेक्समध्ये (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपात) आहे. इफ लेटच्या ओळीतच लॉक घेऊन पॉप करतो (रांगेतून एक नोंद काढतो), आत पुन्हा लॉक मागितलं की प्रोग्राम गोठतो. पॉप झाल्यावर लॉक सुटायला नको का?

नाही. त्या ओळीतला तात्पुरता गार्ड (लॉक धरून ठेवणारा ऑब्जेक्ट) इफ लेटचा ब्लॉक संपेपर्यंत जिवंत राहतो. पॉपचं उत्तर आधी वेगळ्या लेटमध्ये घ्या. तिथल्या अर्धविरामाला गार्ड ड्रॉप होतो. रस्टच्या २०२४ एडिशनने एल्सपुरती सुधारणा केली, तुमच्या ब्लॉकला तिचा उपयोग नाही.

अलिबागहून : स्ट्रक्टमधली फील्ड्स कोणत्या क्रमाने नष्ट होतात?

सी++ मध्ये घोषणेच्या उलट्या क्रमाने, रस्टमध्ये घोषणेच्याच क्रमाने. स्थानिक व्हेरिएबल्स मात्र दोन्हीकडे उलटी. सी++ मधला स्ट्रक्ट जसाच्या तसा रस्टमध्ये उतरवताना हे आधी तपासा.