उबुंटूचं पार्टिशन उडवल्यावर 'ग्रब रेस्क्यू' येतंय. दुकानदार फॉरमॅट म्हणतोय. फायली न जाता विंडोज परत सुरू होईल का?

होईल. आधी लॅपटॉप त्या दुकानातून घरी आणा.

ग्रब म्हणजे मशीन चालू केल्यावर उबुंटू किंवा विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजेच लोडर. त्याचा सुरुवातीचा तुकडा जागेवर आहे, पण त्याला लागणाऱ्या बाकीच्या फायली तुम्ही उडवलेल्या पार्टिशनमध्ये होत्या, म्हणून तो अडलाय. विंडोज आणि तुमचा डेटा वेगळ्या पार्टिशनमध्ये आहे, त्याला काही झालेलं नाही.

माझ्या मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू होतं. मावसभावाने शेजारी विंडोज टाकलं आणि उबुंटू सुरूच होईना. बुधवार पेठेतल्या एका दुकानात मशीन नीट न बघताच 'डिस्क करप्ट आहे, फॉरमॅट मारू' म्हणाले आणि हा हो म्हणून मोकळा! त्या डिस्कवर मावशीने मुळशीकडच्या गावांत फिरून रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. गाणाऱ्या आज्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. मावशीचा फोन आला तशी मी जाऊन लॅपटॉप उचलून आणला.

बिघाड केवढा, तर त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटचा, त्यात लोडरला 446 बाइट. तिथे विंडोजने स्वतःचा लोडर लिहिला होता, बस. पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' केलं (डिस्कवर काही न टाकता उबुंटू चालतं), ओव्यांचं फोल्डर जसंच्या तसं. पहिल्यांदा ते बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केलं. मग उबुंटूचं पार्टिशन माउंट करून (म्हणजे वापरासाठी जोडून) ग्रब परत बसवणारी ग्रब-इन्स्टॉल कमांड चालवली (पार्टिशनचं नाही, अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं), आणि उबुंटूत शिरल्यावर ग्रबची यादी नव्याने बनवणारी अपडेट-ग्रब. मावसभाऊ अजूनही म्हणतो, फॉरमॅट मारला असता तर मशीन फास्ट तरी झालं असतं. त्याला तेव्हाही सांगितलं, इथेही लिहितेय: फॉरमॅट ही दुरुस्ती नाही. आतलं काय आहे हे मालकाला न विचारता जो फॉरमॅट सुचवतो, त्याच्या हातात मशीन देऊ नये.

तुमचं मशीन यूईएफआयवालं (नव्या पद्धतीने सुरू होणारं) असेल तर सुरू करताना बूट मेन्यूची की दाबा (एफ12, एफ9, कंपनीप्रमाणे वेगळी) आणि 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं, मग बायॉसमध्ये तोच पहिला ठेवा. यादीत तो नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर'मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर बीसीडीबूट (विंडोजच्या सुरू होण्याच्या फायली परत लिहिणारी कमांड). जुनं एमबीआर मशीन (मावशीच्या लॅपटॉपसारखं, लोडर पहिल्या सेक्टरमध्ये असणारं) असेल तर तिथेच बूटरेक या कमांडचं फिक्सएमबीआर, म्हणजे पहिल्या सेक्टरमध्ये विंडोजचा लोडर परत येतो. 'इन्स्टॉल नाऊ'ला हात लावू नका.

हो, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागेल. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आधी शोधून ठेवा. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.